चौकातील कला आणि सातासमुद्रांपलीकडील रसिक

भोपाळचे नाव निघाले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, राजा भोजाच्या नावाशी जोडलेला तेथील विस्तीर्ण तलाव. आणि दुसरी, २ व ३ डिसेंबर १९८४ यांच्या दरम्यानची ती विषारी वायूची काळरात्र. जगाच्या वृत्तपत्रांत या शहराचे नाव झळकले ते दुर्दैवाने त्या रात्रीमुळे. परंतु त्याच दशकात या शहराशी नाते असलेल्या काही कलावंतांनी मध्य भारताची ओळख परदेशी रसिकांना अगदी निराळ्या मार्गाने करून दिली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आपली कला आपल्या अंगणातून उचलून परक्या भाषेच्या, परक्या हवामानाच्या आणि परक्या संस्कारांच्या प्रेक्षकांपुढे कशी न्यावी, हा प्रश्न आजही अनेक नाट्यमंडळ्यांना, गायकांना आणि लोककलावंतांना पडतो. त्याचे उत्तर शोधताना भोपाळचा इतिहास पुष्कळ काही शिकवून जातो.

या शहराच्या अरेरा कॉलनीत बिट्टन मार्केट नावाची पेठ आहे. आठवड्यातील ठरावीक दिवशी येथे भाजीचा हाट भरतो. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, गिऱ्हाइकांची घासाघीस, हिंदीच्या नाना छटा आणि मधूनच कानांवर पडणारे मराठी बोल, असा तेथील थाट असतो. अशा बाजाराचा नियम साधा असतो. ज्याचा आवाज पोचतो त्याच्यापाशी गिऱ्हाईक थांबते, आणि ज्याचा माल खरा असतो त्याच्याकडे ते पुन्हा येते. आपल्या लोककलांचा जन्म अशाच मोकळ्या जागांत झाला. दशावतार देवळाच्या प्रांगणात रंगला, तमाशा जत्रेच्या माळावर उभा राहिला, आणि छत्तीसगडचा नाचा गावच्या चौकात रात्रभर चालला. तेथे पडदा नाही, तिकीट नाही. प्रेक्षक भोवताली बसलेले आणि रंगले नाही तर उठून जाण्यास मोकळे. अशा प्रेक्षकांना बांधून ठेवणारा कलावंत जगातील कोणत्याही प्रेक्षकापुढे उभा राहू शकतो काय? पुढील कथा या प्रश्नाची आहे.

बिट्टन मार्केटपासून काही किलोमीटरांवर, श्यामला टेकडीच्या उतारावर, मोठ्या तलावाकडे तोंड करून भारत भवन उभे आहे. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या कलासंकुलाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी तेथील कलादालनाची आणि ब. व. कारंत यांनी तेथील रंगमंडलाची धुरा सांभाळली. राजधानीच्या शहरात गाव आणि नगर, लोककला आणि अभिजात कला यांना एकाच छपराखाली आणण्याचा हा उपक्रम होता. योगायोग असा की, ज्या वर्षी भारत भवनाची दारे उघडली त्याच वर्षी, त्या वेळच्या मध्य प्रदेशातीलच छत्तीसगडचे खेडूत कलावंत स्कॉटलंडच्या राजधानीत आपले नाटक करीत होते. छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. तोवर त्याची राजधानी भोपाळच होती.

या खेडूत कलावंतांना तेथवर नेणारे हबीब तनवीर हे १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे जन्मले. त्या काळी रायपूर हे मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. साहजिकच त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. तेथून ते मुंबईस आले आणि ‘इप्टा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकनाट्य चळवळीत सामील झाले. त्याच काळात मुंबईच्या कामगारवस्तीत अण्णाभाऊ साठे व शाहीर अमर शेख यांचा डफ कडाडत होता. कष्टकऱ्यांच्या बोलीत, कष्टकऱ्यांच्या चालीवर गंभीर आशय उभा राहू शकतो, याचा पुरावाच त्या शाहिरांनी मुंबईच्या मैदानांत मांडला होता.

१९५४ साली दिल्लीत ‘आग्रा बाजार’ हे नाटक तनवीरांनी बसविले. एक बाजारपेठ, तिच्यातील काकडीवाला, पतंगवाला, पुस्तकवाला, आणि त्यांच्या तोंडी नजीर अकबराबादी या लोककवीच्या रचना, असे या नाटकाचे रूप होते. बाजार हाच त्याचा नायक होता म्हणावयास हरकत नाही. पुढील वर्षी ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि ब्रिस्टल येथे त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. त्यानंतर युरोपात भटकंती करीत ते १९५६ साली बर्लिनला पोचले. तेथे ज्यांना भेटण्याची ओढ होती ते बर्टोल्ट ब्रेख्त त्याच वर्षी निवर्तले होते. तरीही ब्रेख्तच्या मंडळीची नाटके पाहत तनवीर काही महिने तेथे राहिले.

परदेशी शिक्षण घेऊन परतलेला कलावंत बहुधा परदेशाची नक्कल घेऊन येतो. तनवीरांच्या बाबतीत उलट घडले. १९५८ साली त्यांनी ‘मृच्छकटिक’ हे संस्कृत नाटक ‘मिट्टी की गाडी’ या नावाने हिंदीत आणले आणि त्यात छत्तीसगडच्या नाचा कलावंतांना भूमिका दिल्या. १९५९ साली मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी ‘नया थिएटर’ ही संस्था स्थापिली. खेड्यातील कलावंत आणि शहरातील दिग्दर्शक असा संसार सुरू झाला खरा. परंतु तो जमेना. चौकात रात्र गाजविणारे हे नट रंगमंचावर येताच अवघडून जात. लिहिलेली हिंदी वाक्ये पाठ करावयाची, खडूने आखलेल्या जागी उभे राहावयाचे, ठरल्या क्षणी डावीकडून उजवीकडे जावयाचे, या शिस्तीत त्यांचा प्राणच हरवून जाई.

दोष नटांत आहे की पद्धतीत आहे, हे ओळखण्यास तनवीरांना बरीच वर्षे लागली, आणि आपली चूक त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितली. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी पद्धतच बदलली. नटांनी आपल्या छत्तीसगडी बोलीतच बोलावे, प्रसंग त्यांच्या उत्स्फूर्त बोलण्यातून उभा राहावा, हालचाली त्यांच्या अंगवळणी असतील तशा याव्यात, आणि दिग्दर्शकाने त्यातून निवड करून नाटकाला आकार द्यावा, असा हा नवा मार्ग होता. १९७३ च्या सुमारास रायपूरच्या शिबिरातून ‘गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक निघाले. दिल्लीच्या प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळत नव्हता, तरी तो खिळून राहिला. बोली ही भिंत नसून दार असू शकते, हे तेथे प्रथम सिद्ध झाले.

त्यापुढचे पाऊल म्हणजे ‘चरणदास चोर’. मूळ कथा राजस्थानी लेखक विजयदान देथा यांनी लिहिलेली. एक चोर गुरूपुढे गमतीगमतीत चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि कोणी राज्य देऊ केले तरी घेणार नाही. चोराच्या वाट्याला यांतले काही येणारच नाही, म्हणून तो निर्धास्त असतो. गुरू त्याला पाचवी शपथ घ्यावयास लावतो ती खरे बोलण्याची. पुढे नशिबाचे फासे असे पडतात की चारही गोष्टी त्याच्यापुढे चालून येतात, आणि दिलेला शब्द न मोडल्यामुळे त्या बिचाऱ्याला प्राण गमवावे लागतात. या नाटकाचा पहिला कच्चा आराखडा भिलाईच्या मोकळ्या मैदानावर सतनामी समाजाच्या मेळाव्यापुढे मांडला गेला. त्या समाजाची पंथी गीते आणि पंथी नृत्य नाटकात विणले गेले. १९७५ साली नाटक दिल्लीच्या रंगमंचावर आले. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी यावर मुलांसाठी चित्रपट काढला आणि त्यात राणीची भूमिका केली ती स्मिता पाटील या मराठी अभिनेत्रीने.

१९८२ साली हे नाटक एडिंबराच्या ‘फ्रिंज’ महोत्सवात गेले. या महोत्सवाची रीत समजून घेण्यासारखी आहे. १९४७ साली एडिंबरा येथे मोठा आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेल्या ८ नाट्यमंडळ्या आपण होऊन तेथे गेल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागेत आपले प्रयोग लावले. त्यातूनच हा समांतर महोत्सव वाढला. येथे निवडसमिती नाही. ज्याने त्याने आपली जागा शोधावी, आपला खर्च सोसावा, रस्त्यावर उभे राहून आपली पत्रके वाटावीत आणि प्रेक्षक मिळवावा. एका अर्थी हा नाटकांचा हाटच होय. शेकडो प्रयोगांच्या या गर्दीत चांगल्या नव्या नाटकांना ‘स्कॉट्समन’ या दैनिकातर्फे ‘फ्रिंज फर्स्ट’ हा पुरस्कार दिला जातो. १९८२ साली तो ‘चरणदास चोर’ला मिळाला. इंग्रजीचा गंध नसलेल्या नटांनी छत्तीसगडी बोलीत केलेला प्रयोग इंग्रजी भाषकांच्या देशात पहिल्या पंक्तीला बसला.

याचे कारण काय असावे? एक तर कथेचा सांगाडा इतका स्वच्छ होता की, थोडक्यात सारांश कळला की पुढचे डोळ्यांना दिसत होते. सोन्याचे ताट, हत्ती, राणी, राज्य ही चिन्हे कोणत्याही देशातील मूल ओळखील. दुसरे असे की, गाणी कथेला थांबवीत नव्हती, पुढे नेत होती. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: नटांना आपण कोठे आहोत याची धास्ती वाटू नये अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या पायांखाली एडिंबराचा रंगमंच असला तरी त्यांच्या जिभेवर गावचीच बोली होती. परदेशी प्रेक्षकांसाठी तनवीरांनी नाटक सजविले नाही. रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मानाने त्यांनी ते आटोपशीर केले, एवढेच.

याच सुमारास महाराष्ट्रातही असा एक प्रयोग झाला होता, आणि त्याला वेगळ्या संकटास तोंड द्यावे लागले. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन लाभलेल्या या नाटकावर मोठे वादळ उठले. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले. तेव्हा कलावंतांनी १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ ही स्वतःची संस्था काढली आणि पुढील वर्षी नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा वाद नव्याने पेटला. पेशवाईचे असे चित्र परदेशात दाखवावे काय, असा आक्षेप घेण्यात आला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर मंडळी गेली आणि युरोपातील रंगमंचांवर नाटकाचे प्रयोग झाले.

येथे भाषेची अडचण दृश्याने सोडविली होती. रंगमंचावर ओळीने उभी राहिलेली ब्राह्मणांची मानवी भिंत क्षणात पडदा होई, क्षणात गर्दी होई, क्षणात बंदीखाना होई. कीर्तन, लावणी, अभंग यांच्या चालींनी प्रसंगाचा भाव आधीच सांगितला जाई. मराठी न जाणणाऱ्यालाही सत्तेचा आणि सूडाचा खेळ उलगडत जाई. या दौऱ्याने एक कठीण प्रश्नही पुढे आणला: परदेशात जाणारा कलावंत आपल्या समाजाचा वकील असतो की साक्षीदार? घरातील उणे बाहेर सांगू नये, ही आपली जुनी शिकवण. परंतु जो समाज आपले दोष रंगमंचावर मांडू शकतो त्याच्याविषयी परक्यांच्या मनात आदरच वाढतो, हेही तितकेच खरे.

जाणे-येणे हे दोन्ही बाजूंनी असते, याचे उदाहरण विजया मेहता यांच्या कार्यात सापडते. पूर्व जर्मनीतील वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने त्यांनी ब्रेख्तचे एक नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणले. मराठी रूप चिं. त्र्यं. खानोलकर यांचे होते. मुळात ती कथा चिनी नाटकातली. ती जर्मनीत गेली, तेथून मराठीत आली, आपल्या लोकनाट्याचे वस्त्र ल्याली आणि त्या वेषात पूर्व जर्मनीतील प्रेक्षकांनी ती पुन्हा पाहिली. पुढे १९८० साली विजयाबाईंनी लाइपझिगला जर्मन नटांना घेऊन ‘शाकुंतल’ बसविले. १७९१ साली गेओर्ग फॉर्स्टर यांनी केलेल्या जर्मन भाषांतरातून ज्या ‘शाकुंतला’ने महाकवी गटेला मोहित केले होते, तेच नाटक जवळजवळ दोन शतकांनी एका मराठी दिग्दर्शिकेच्या हातून जर्मन नटांच्या देहांत उतरले. नाटक नेणे हा एक मार्ग झाला. नाटकाची विद्या नेणे हा दुसरा.

विद्येचा हा दुसरा मार्ग भोपाळने संगीतात चोखाळला. ध्रुपद ही देवळांतून आणि दरबारांतून वाढलेली भारदस्त गायकी. विसाव्या शतकाच्या मध्यास ख्यालाच्या लोकप्रियतेपुढे ती मागे पडली होती. १९६४ साली मोईनुद्दीन व अमीनुद्दीन हे डागर बंधू युरोपात गायले आणि तेथील रसिकांना या संथ, धीरगंभीर आलापीची गोडी लागली. त्याच घराण्यातील रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांनी अमेरिकेत सिअॅटल येथील विद्यापीठात शिकविले आणि इकडे पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारले. त्यांचे धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन डागर हेही युरोपात शिकवीत असत. १९८१ साली मध्य प्रदेश शासनाने भोपाळला ध्रुपद केंद्र सुरू केले आणि शिकविण्यासाठी फरिदुद्दीन साहेबांना पाचारण केले. पाव शतकाच्या आसपास त्यांनी तेथे विद्यादान केले. ८ मे २०१३ रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांच्या शिष्यांमुळे ध्रुपद पुन्हा जगाच्या मैफलींत मानाने बसले होते.

या शिष्यांत उज्जैनचे उदय भवाळकर हे एक मराठी नाव ठळक आहे. कोवळ्या वयात ते भोपाळच्या केंद्रात आले, दोन्ही डागर बंधूंकडे शिकले, युरोप-अमेरिकेत गायले आणि पुढे पुण्यात राहून देशोदेशींच्या शिष्यांना शिकवू लागले. ध्रुपदाच्या या प्रवासातून एक गोष्ट लक्षात येते. कार्यक्रमाचा दौरा हा पाहुण्यासारखा असतो; आला, मान घेतला, गेला. शिकवणी मात्र घर करते. परदेशातील एक शिष्य तयार झाला की त्याच्याभोवती जाणकार श्रोत्यांचे वर्तुळ वाढते, आणि पुढच्या गायकाला आपली ओळख मुळापासून करून द्यावी लागत नाही. शिवाय भोपाळचे केंद्र हे सिद्ध करून गेले की, घरी विद्येचे पीठ पक्के असेल तर जगातील जिज्ञासू आपण होऊन तेथे येतो.

आणि ज्यांनी प्रवास न करता जगच नव्हे तर आकाश ओलांडले, त्या गोमंतकाच्या कन्येचे स्मरण येथे अनुचित होणार नाही. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या. त्यांच्या तबकड्यांतील साडेतीन मिनिटांची एक भैरवी अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या शिफारशीवरून ‘व्हॉयेजर’ यानांवर ठेवलेल्या सुवर्णतबकडीसाठी निवडली गेली. पृथ्वीवरील संगीताचे जे २७ नमुने त्या तबकडीवर आहेत, त्यांत हिंदुस्थानच्या वाट्याचा एकच, आणि तो केसरबाईंचा. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंनी देह ठेवला. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले असून आज ते पृथ्वीपासून २००० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. नीट जपलेली एक उत्तम ध्वनिमुद्रिका काय करू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता? मात्र त्या साडेतीन मिनिटांमागे अनेक वर्षांची तपश्चर्या होती, हे विसरून चालणार नाही.

या सर्व उदाहरणांवरून काही व्यवहारी सूत्रे निघतात. पहिले सूत्र असे की, परदेशी प्रेक्षक त्याच्या देशात मिळणाऱ्या वस्तूची नक्कल पाहावयास येत नाही. अस्सल मालालाच तेथे किंमत आहे. दुसरे, अस्सल म्हणजे दुर्बोध नव्हे. प्रयोगापूर्वी नेमका सारांश, गाण्यांचा थोडक्यात अर्थ, आणि दोन्ही संस्कृती जाणणारा एखादा निवेदक, एवढी शिदोरी सोबत असावी. तिसरे, रात्रभराचा खेळ दीड-दोन तासांत आणताना काय गाळावे याचा निर्णय कलेच्या जाणकाराने घ्यावा, दौऱ्याच्या व्यवस्थापकाने नव्हे. चौथे, संस्थांचे साहाय्य वेळीच मागावे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० साली याच हेतूने स्थापन झाली. १९८२ साली ब्रिटनमध्ये आणि १९८५ पासून अमेरिका व फ्रान्समध्ये जे भारत महोत्सव झाले, त्यांनी सरकारी पातळीवरून कलावंतांसाठी दारे उघडली. परदेशस्थ मराठी मंडळांचाही मोठा आधार आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. परंतु मंडळाच्या सभागृहात आपल्याच माणसांपुढे झालेला प्रयोग आणि परक्या रसिकांपुढे झालेला प्रयोग यांतील भेद कलावंताने ओळखावा. पहिल्यात माहेरची माया मिळते, दुसऱ्यात कलेची कसोटी लागते. दोन्हींची गरज आहे.

पाचवे सूत्र मात्र सर्वांत अवघड आहे, आणि ते कलावंताच्या नव्हे तर समाजाच्या वाट्याचे आहे. विमानातून उतरल्यावर कलावंताचे काय होते? नाचाचे बहुतेक कलावंत शेतीवर किंवा मजुरीवर जगणारे. परदेशात टाळ्या मिळाल्या म्हणून घरी चूल पेटत नाही. त्यांच्यापैकी गोविंदराम निर्मलकर यांना शासनाने २००९ साली पद्मश्री दिली, हे उचितच झाले. परंतु अशा कलेत उभे आयुष्य घातलेल्या किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? परदेश दौऱ्याच्या पत्रकावर दिग्दर्शकाचे नाव ठळक असते. ढोलकीवाल्याचे, गाणारीचे नाव कोपऱ्यात असते किंवा नसतेच. नाव, मानधन आणि म्हातारपणीची तजवीज या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत, मग पारपत्राचा अर्ज.

घरच्या रसिकाचा प्रश्नही असाच बिकट आहे. हबीब तनवीर ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे निवर्तले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी आणि त्यांच्या ‘नया थिएटर’ने याच शहरात घालविली होती. त्यांच्या निधनाला फार दिवस लोटले नव्हते, तोच ज्या ‘चरणदास चोर’ने जगात मान मिळविला त्यावर छत्तीसगड शासनाने बंदी आणली. नाटकातील काही भागास सतनामी समाजातील काहींनी आक्षेप घेतला होता. ज्या समाजाच्या मेळाव्यात नाटकाने पहिले पाऊल टाकले, त्याच समाजाच्या नावे ते अडवले जावे, यात केवढी खंत आहे! दोष कोणाचा, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. एवढे मात्र खरे की, परदेशातील पुरस्कार घरच्या संवादाची जागा घेऊ शकत नाही. ज्यांच्या अंगणातून कला उचलली त्यांच्याशी बोलणे अखंड चालू ठेवावे लागते.

उलट दिशेने आलेली एक भेटही भोपाळच्या वाट्याला आली. वायुकांडावर कॅनडात राहणारे भारतीय नाटककार राहुल वर्मा यांनी इंग्रजी नाटक लिहिले. तनवीरांनी ते ‘जहरीली हवा’ या नावाने हिंदीत आणले आणि स्वतः बसविले. भोपाळचे दुःख समुद्र ओलांडून गेले, तेथे त्याला नाट्यरूप मिळाले, आणि ते पुन्हा या शहराच्या भाषेत परतले. कलेचा आंतरराष्ट्रीय प्रवास म्हणजे केवळ आपला माल बाहेर पाठविणे नव्हे. जग आपल्याविषयी जे म्हणते ते ऐकून घेणे आणि त्याला आपल्या जिभेने उत्तर देणे, हाही त्याचाच भाग आहे.

आजच्या काळात साधने वाढली आहेत. खेड्यातील गायकाचा आवाज काही क्षणांत दुसऱ्या खंडात ऐकू येतो. रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी झळकतात. परंतु साधनांनी मूळ प्रश्न बदललेला नाही. बिट्टन मार्केटच्या हाटात संध्याकाळी दिवे लागतात आणि आरोळ्या टिपेला पोचतात, तेव्हा तेथेही तोच नियम चाललेला असतो: आवाज आपला हवा, माल खरा हवा, आणि गिऱ्हाईक उद्या पुन्हा यावे इतका विश्वास हवा. भिलाईच्या मैदानातून निघालेला एक चोर हा नियम पाळूनच एडिंबराला पोचला. ज्या कलावंताला सातासमुद्रांपलीकडे जावयाचे आहे त्याने प्रथम आपल्या चौकात उभे राहून गावाला थांबविता येते का, हे पाहावे. आणि गावाने, तो परत येईल तेव्हा त्याच्यासाठी चौक राखून ठेवावा. एवढे झाले तर पुढची वाट लांबची असेल, पण परकी असणार नाही.